इंग्रजीत चादर 'ती' नसते

काल संध्याकाळी भाचीचं इंग्रजी घेत होतो, समोर सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली, म्हटलं हिच्यावर एक वाक्य लिही, तर तिने लिहिलं 'शी इज रेड'. चूक अगदी साहजिक आहे हो, आपल्याकडे चादर ती, टॉवेल तो, इंग्रजीत दोन्ही 'इट'.

खरी गोची 'हिज' आणि 'हर'ची. 'तिचा भाऊ', 'तिची बहीण', आपल्यात शेवट पुढच्या नामाप्रमाणे बदलतो, त्यामुळे पोरं भाऊ बघून 'हिज ब्रदर' लिहून मोकळी होतात, पण इंग्रजीत फक्त भाऊ कुणाचा ते बघायचं, मुलीचा असेल तर 'हर ब्रदर'च.

'वी' मात्र मला अपुरं वाटतं. 'आम्ही गड्ड्याच्या जत्रेला चाललोय' म्हटलं की ऐकणारा घरीच, 'आपण चाललोय' म्हटलं की तोही सोबत, इंग्रजीत दोन्हीला 'वी'.

मग भाची म्हणाली, आज्जीला पण 'यू'च म्हणायचं? हो म्हटलं, पूर्वी एकट्या माणसाला आपल्या 'तू'सारखा 'दाऊ' होता, तो मागे पडला आणि सगळ्यांना 'यू' राहिला. तिला ते अजून पटलेलं नाही, आज परत बसणार आहोत.