पार्किंगमधलं 715

भाच्याने आधीच बजावलं होतं, "मामा, तिथे बघायला काहीही नाही. गाड्या लावायची जागा आहे ती." तरी त्याला ओढत नेलं. अटलांटातलं मत्स्यालय आणि कोका-कोलाचं संग्रहालय उरकलं होतं, आणि आणखी एक मॉल बघायची माझी तयारी नव्हती.

मार्टा रेल्वेने जॉर्जिया स्टेट स्थानकावर उतरलो. सोनेरी घुमटाच्या विधानभवनावरून पुढे चालत गेलं की रस्ता महामार्ग ओलांडतो. पलीकडे डांबराचं मोकळं पटांगण. इथेच अटलांटा-फुल्टन काउंटी हे बेसबॉलचं स्टेडियम होतं. 1997 मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. त्याच्या कुंपणाचा एक तुकडा तेवढा राखलाय, आणि त्यावर आकडा: 715.

8 एप्रिल 1974 ची रात्र. चाळीस वर्षांच्या हँक एरन या बेसबॉलपटूने डॉजर्स संघाचा गोलंदाज अल डाउनिंगचा चेंडू इथून कुंपणापार धाडला आणि जुन्या जमान्यातल्या बेब रूथचा 714 होम रनचा (आपल्या षटकारासारखे, थेट कुंपणापार जाणारे फटके) विक्रम मोडला. गंमत म्हणजे एरन आणि डाउनिंग दोघांच्याही पाठीवर क्रमांक 44 च होता. चेंडू पलीकडच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव गोलंदाजांच्या सरावाच्या जागेत पडला, तो टॉम हाउस या सहखेळाडूने झेलला.

आपल्याकडे षटकारवाला म्हटलं की दांडपट्टा फिरवणारा डोळ्यांसमोर येतो. एरन तसा नव्हताच. त्याचं सगळं बळ मनगटात. एका मोसमात 50 होम रन त्याने कधीच मारले नाहीत. सर्वाधिक 47, तेही 1971 मध्ये, सदतिसाव्या वर्षी! एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा 40. पहिल्या मोसमात, 1954 मध्ये, फक्त 13 होते. 1976 ला थांबला तेव्हा एकूण 755. मला मात्र दुसराच हिशेब जास्त आवडतो: त्याचे सगळे होम रन वजा केले, तरी 3,016 हिट्स (चेंडू टोलवून बेस गाठून देणारे फटके) शिल्लक राहतात. भाच्याने मोबाइलवर वजाबाकी करून खात्री केली. इंजिनिअर आहे, मामावर विश्वास नाही.

त्या तुकड्यासमोर उभं राहिल्यावर मनात आली ती पत्रं. 1973 चा मोसम 713 वर संपला, म्हणजे विक्रमाला दोन कमी. अख्खा हिवाळा वाट बघायची. त्या वर्षी त्याला नऊ लाखांवर पत्रं आली. कौतुकाची होतीच, पण गोऱ्या बेब रूथचा विक्रम एका काळ्या माणसाने मोडू नये म्हणून जिवे मारायच्या धमक्याही होत्या. सोबत पोलीस अंगरक्षक असायचा. विक्रमाच्या त्या रात्री एरन बेसमागून बेस (मैदानातले थांबे) पार करत धावत असताना दोन पोरं प्रेक्षकांतून मैदानात घुसली. अंगरक्षकाला क्षणभरात ठरवायचं होतं, बंदूक काढायची की नाही. त्याने काढली नाही. पोरं फक्त पाठ थोपटायला आली होती. होम प्लेटवर, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागी, आईने एरनला मिठी मारली, ती सोडेचना.

अलाबामा राज्यातल्या मोबाइल नावाच्या शहरातला हा मुलगा लहानपणी बॅट उलट्या हातांनी धरायचा, म्हणजे उजव्या फलंदाजाचा डावा हात वर. सुरुवात कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये, इंडियानापोलिस क्लाउन्सकडून. पुढे मिलवॉकीच्या संघाला 1957 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम लढत, जिंकून दिली. बॅरी बाँड्सने 2007 मध्ये 755 चा आकडा ओलांडला, पण त्या विक्रमाला स्टेरॉइड्सच्या संशयाचा वास आहे. इथल्या मंडळींशी तो विषय काढू नये; गप्पा लांबतात.

जुन्या मैदानाची कड डांबरात वेगळ्या दगडांनी आखलीय. भाच्याला होम प्लेटच्या जागी उभं केलं आणि मी गाड्यांच्या रांगांतून वाट काढत कुंपणापाशी गेलो. मध्ये जवळपास चारशे फूट. तिथून तो हात हलवून काहीतरी ओरडत होता, महामार्गाच्या घोंघाटात एक शब्द कळेना. शेवटी फोन आला.

"मामा, एवढ्या लांब?"