निळा मंगळ छापून घेताना

मंगळाचे फोटो मोठे करून छापायचे असतील, तर पेन ड्राइव्ह दुकानात ठेवून घरी येऊ नका. स्टूल मागा आणि ऑपरेटरच्या शेजारी बसा. मी बसलो नाही, म्हणून हे लिहितोय.

मागच्या गणपतीत इंदूरला रामबागेजवळच्या आमच्या छोट्या मंडळानं देखाव्याऐवजी मंगळाच्या जमिनीचे फोटो लावायचं ठरवलं. कल्पना माझी, म्हणून कामही माझ्याच गळ्यात. फोटो मिळवणं सोपं होतं. नासाच्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावरचा हायराइज कॅमेरा 2006 पासून मंगळाभोवती फिरतोय आणि त्याचे फोटो अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मूळ फाइल शेकडो एमबीची असते. रात्री डाउनलोडला लावून झोपावं. मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्यानं टिपलेला अख्खा गोलही घेतला, घरचा म्हणून.

घोडं अडलं ते छपाईत. दुकानाचं नाव लिहीत नाही. राजवाड्याच्या अलीकडचं, गर्दीचं. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांची, कामं तुंबलेली, त्यामुळे आमचा मंगळ रांगेत शेवटी. चार दिवसांनी पहिला प्रिंट हातात आला तो चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगाचा. निळ्याचा मागमूस नाही.

"ये क्या किया?"

"भिया, मंगल तो लाल ही होता है ना? आपकी फाइल में नीला आ रहा था, मैंने ठीक कर दिया."

ठीक! मी त्याला उभ्याउभ्या समजावलं. हा कॅमेरा तीन फिल्टरांतून बघतो: निळा-हिरवा, लाल आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त. फोटो दाखवताना अवरक्ताला लाल रंग देतात, लालला हिरवा आणि निळ्या-हिरव्याला निळा. त्यामुळे बेसाल्टची काळपट वाळू निळी उठते आणि धूळ पिवळट-तांबूस. तिथं जाऊन उभं राहिलं तर वाळू अशी निळी दिसणार नाही, हे मलाही कबूल. पण वाळू कुठं संपते आणि धूळ कुठं सुरू होते, ते या रंगांमुळेच कळतं. माझ्या फोटोत वाळूच्या चंद्रकोरी टेकड्या होत्या, त्यांना बारखान म्हणतात. कोरीची दोन्ही टोकं वारा वाहत जातो त्या दिशेला असतात. त्याच्या 'ठीक' करण्यात टेकड्या आणि खालची जमीन एकजीव झाली होती. त्यानं मान डोलावली. मागे तिघं लग्नपत्रिकावाले उभे होते.

दुसऱ्या खेपेला निळा आला, पण वांग्यासारखा जांभळा. यात त्याची चूक नव्हती, हे नंतर कळलं. पडद्यावरचा झगझगीत निळा छपाईच्या चार शाईंत बसतच नाही. म्हणून आधी वीतभर तुकडा छापून बघावा आणि फाइलमध्येच निळा थोडा उतरवावा. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर रिक्षाचे पैसे वाचले असते.

हो, आणि मापाचं राहिलं. या कॅमेऱ्याचा रंगीत पट्टा अरुंद असतो, साधारण 4,000 पिक्सेल. तीन फूट रुंद छापला तर हातभर अंतरावरून छान दिसतो, सहा फुटांचा हट्ट करू नये. तीन फुटांत प्रिंटवरचा एक सेंटिमीटर म्हणजे तिथले बारा-तेरा मीटर. आमची गल्ली त्यात बोटभर मावली असती.

तिसऱ्या खेपेला रंग जमला. मी खूश होऊन गुंडाळी न उघडता घरी आलो. संध्याकाळी मांडवात लावल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, हे फोड कसले रे?" बघतो तर विवरांचे डोंगर झालेले! उभा पट्टा रोलमध्ये बसवायला ऑपरेटरनं तो आडवा केला होता आणि बाकीची सगळी मांडणी त्यावरच बेतली होती. यान तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास वरून जातं, सूर्य पश्चिमेला असतो, म्हणजे उत्तर वर धरलेल्या नकाशावजा फोटोत उजेड डावीकडून येतो. पट्टा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला असता तर उजेड वरून आला असता. त्यानं उलटा फिरवला, उजेड खालून आला, आणि डोळा फसला. वरून येणाऱ्या उजेडाची सवय असलेल्या डोळ्याला खड्डा उंचवटा वाटतो.

सुदैवाने हा दोष खिळ्यानं सुटला. खालची मांडणी कापून काढली, पट्टा डोक्यावर उलटा टांगला. विवरं पुन्हा खोल गेली. काकूंना मुद्दाम बोलावून दाखवलं. नासा, तिची प्रयोगशाळा जेपीएल आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठाचं श्रेय मात्र कापलेल्या भागात गेलं होतं, ते स्केचपेननं लिहिलं. तुम्ही ते आधीच चौकटीबाहेर छापून घ्या.

दुकानदारानं पैसे तिन्ही प्रिंटचे घेतले, टोस्टवाल्याचेसुद्धा. तो फ्लेक्स मी हट्टानं घरी आणला. या उन्हाळ्यात बायकोनं गच्चीवर त्याच्यावर कुरडया घातल्या होत्या.