चार गायी, चार स्वभाव

उदगीर तालुक्यातील आमच्या शेतावर देवणी या देशी जातीच्या चार गायी आहेत. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे सासूबाईंना धारेला बसणे जमेनासे झाले आणि गोठा माझ्याकडे आला. वैरणपाणी, शेणघाण ही कामे लवकर अंगवळणी पडतात. कोणती गाय कशाने बिथरते, हे कळायला मात्र वर्ष जाते.

सर्वांत अवघड काजळी. ती देवणीतल्या वानेरा प्रकारची, अंगाने पांढरी आणि तोंडाच्या बाजूंनी काळी. सासूबाईंच्या हाताला ती भरपूर दूध देई, माझ्या हाताला पान्हा चोरी. गाय भ्याली की पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम ॲड्रेनलिनमुळे अडते, आणि आलेला पान्हाही काही मिनिटेच टिकतो, हे पशुवैद्यकांनी समजावले. मग मी तिच्या भीतीचे कारण शोधू लागले. गायीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने तिला जवळजवळ चहूकडचे दिसते. अगदी मागचे तेवढे दिसत नाही. मागून कोणी आले तरी इतर गायी खपवून घेतात, काजळीचे कान मात्र ताठ होतात आणि शेपटी अंगाला चिकटते. म्हणून मी बाजूने, नाव घेत जाऊ लागले. आधी पाठीवर हात, तो न उचलता कासेपर्यंत, मग वासराला पाजणे आणि नंतर धार. शेजारी ढवळीला बांधले की ती आणखी निवांत होते.

ढवळी ही कळपाची मालकीणच. हौदावर तिने तोंड लावल्याशिवाय दुसरी पुढे होत नाही, आणि यासाठी तिला शिंग उगारावे लागत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एका सकाळी ती हौदाकडे सर्वांत शेवटी गेली, म्हणून मी लगेच कास चाचपली. एक सड गरम लागला. कासदाहाची सुरुवात होती आणि उपचार वेळेवर झाले. तिची नेहमीची रीत ठाऊक नसती, तर दुधात गाठी येईपर्यंत ते लक्षात आले नसते.

चांदी खोडकर आहे, जिभेने दाव्याची गाठ सोडविते. तिला साखळी लावली की प्रश्न मिटतो.

काजळीची कालवड आईसारखी बुजरी नाही, पण अनोळखी स्पर्शाला लाथ झाडते. ती पावसाळ्यात पहिल्यांदा विणार आहे, म्हणून आंबोण खाताना तिच्या कासेला रोज हात लावण्याची सवय मी आतापासूनच करीत आहे.