काल काय झालं?

ऑफिसात डबे उघडले की पहिली पाच मिनिटं कोणाच्या डब्यात काय, आणि मग 'सध्या काय बघताय?' हा क्रम ठरलेला आहे. पूर्वी या वेळेला पाऊस, लोकल नाहीतर साहेब असे विषय असायचे. परवा दुपारी कोणीतरी 'पंचायत' या हिंदी वेब सिरीजचं नाव काढलं आणि चौथ्या सीझनमधल्या निवडणुकीबद्दल काही बोलणार, एवढ्यात आमच्याकडे नवीन लागलेला एक मुलगा दचकून उठलाच. हातात पोळीचा तुकडा, तुकड्यात भेंडीची भाजी, आणि त्याच हाताने कान झाकायची धडपड. 'प्लीज, सांगू नका, माझे तीन एपिसोड राहिलेत!' असं म्हणत तो पार पाण्याच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. कानाला भेंडी लागली ती लागलीच.

मग उरलेले आम्ही काय बोललो? 'मस्त आहे.' 'हो, पण पहिल्या सीझनची मजा नाही.' 'जरा स्लो आहे.' 'बघ तू, सोडू नकोस.' संपलं. आठही भाग पाहिलेली माणसं होती तिथे, पण एकाने त्यातला एक प्रसंग सांगितला असेल तर शपथ. नुसती मतं. गोष्ट आत कडीकुलपात आणि आम्ही बाहेर उभं राहून दार किती छान आहे ते सांगतोय.

क्रांतीदेवी जिंकतात आणि मंजूदेवी हरतात. घ्या. २०२५च्या जूनमध्ये आलेलं ते प्रकरण आहे, किती दिवस जपायचं?

आता ज्यांना माझा राग आला त्यांचाही मला राग नाही. माझी ही खोड जुनीच आहे. रहस्यकथा हातात आली की मी शेवटचं पान आधी वाचते. खून कोणी केला हे एकदा कळलं की जिवाला घोर राहत नाही. मग तो खुनी चहा कसा पितो, बायकोशी काय बोलतो, इन्स्पेक्टर आल्यावर खुर्ची कशी पुढे करतो, हे सगळं निवांत बघता येतं. नवऱ्याला हे अजिबात पटत नाही. तो काही बघायला बसला की फोन उलटा करून ठेवतो, दिवा घालवतो आणि 'हा मरणार का रे?' एवढंसुद्धा विचारू देत नाही. बरं, त्याने ती सिरीज आधी बघितलेली असते! माझ्यासाठी म्हणून दुसऱ्यांदा बघत असतो. तरी सांगणार नाही. शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत राहणार, आता दचकते की नंतर.

या बाबतीत मी बिघडले ती काकूमुळे.

आम्ही तेव्हा कराडला. २००७-०८चा सुमार, म्हणजे भारनियमनाचे दिवस. कुठल्या भागाची वीज कधी जाणार त्याचं वेळापत्रक पेपरात यायचं, आई ते कात्रीने कापून फ्रीजला चिकटवायची. आमची वीज नेमकी मालिकांच्या वेळेला जायची. काकू राहायची सोमवार पेठेत, तिचा फीडर वेगळा, तिच्याकडे पहाटे अंधार. पहाटे काय, सगळे झोपलेलेच असतात. त्यामुळे झी मराठीवर 'असंभव' लागायचं तेव्हा तिच्याकडे उजेड आणि आमच्याकडे मेणबत्ती. आणि 'असंभव' म्हणजे काही चुकवायची गोष्ट नव्हती. सतीश राजवाडेंची मालिका, पुनर्जन्म, मागच्या जन्मीचं वैर, आणि नीलम शिर्केची ती सुलेखा. पुन्हा दाखवायचे तेव्हा आम्ही कॉलेजात असायचो. राहिला भाग तर राहिलाच.

मग जेवणं झाल्यावर शतपावलीच्या निमित्ताने काकूची स्वारी यायची. मागून काका, हातात बॅटरी. काका दारातच बाबांशी बोलत थांबायचे, काकू थेट आत येऊन कॉटवर मांडी घालायची, तांब्यातलं पाणी प्यायची आणि विचारायची, 'कुठपर्यंत आलो होतो आपण?' मालिका ही लिहिते की काय असं वाटावं असा सूर. की सुरू.

ती जाहिरातींसकट सांगायची. 'आणि तेवढ्यात तिने मागे वळून बघितलं... आणि जाहिरात!' असं म्हणून खरंच थांबायची. पदराने वारा घ्यायची, आईला विचारायची, 'वहिनी, कुकरची रिंग बदललीत का?' आई बिचारी उत्तर द्यायची. आम्ही तडफडायचो. तीन चेहरे तीन बाजूंनी दाखवले असतील तर 'ढँण' हा आवाज तीनदा व्हायचा, तोही तिच्याच तोंडून. सुलेखा कशी बघते ते ती करून दाखवायची. मान जागच्या जागी, फक्त बुबुळं हळूच कोपऱ्यात सरकवायची. उजेड खालून मेणबत्तीचा, त्यामुळे गालांची हाडं वर आलेली आणि कपाळाला अंधार. धाकटा भाऊ उठून आईच्या मागे जाऊन बसायचा आणि तिथून म्हणायचा, 'मला भीती नाही वाटली.'

तिचं मत असं वेगळं नसायचंच. 'तर ती जिना उतरून आली, एवढ्या रात्री अंगावर सगळे दागिने, झोपतं का गं असं कोणी, मान नाही का अवघडायची, तर ती आली...' मत आणि गोष्ट एका घासात. कोणाचं चुकलं, कोणाला वेळीच एक ठेवून द्यायला हवी होती, कोणाचं ब्लाउज मापात नाही, हे सगळं गोष्टीच्या पोटातच यायचं. ती 'स्लो आहे' असं कधी म्हणाली नाही. स्लो असलं की ती भराभर सांगायची.

एकदा सुट्टी होती म्हणून तिने आदल्या रात्री सांगितलेला भाग आम्हाला टीव्हीवर बघायला मिळाला. तिचे निम्मे संवाद त्यात नव्हतेच. सुलेखा आली, तिने बघितलं, गेली. भाऊ म्हणाला, 'यांनी कापलंय.'

बाबांचं मात्र काही कापायची सोय नव्हती, कारण बाबा मालिका बघतच नाहीत. आजही नाहीत. पेपर उभा धरून बसतात, आवाज कानावर पडतो तो काही त्यांचा दोष नाही. २०१३ साली 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली तेव्हाही ते बघत नव्हते. पण जान्हवीच्या सहा सासवांपैकी कोण कोणाची कोण हे आईचं चुकलं की पेपरामागून दुरुस्ती यायची. पुढे जान्हवीचं बाळंतपण जे लांबलं ते लांबलंच, व्हॉट्सॲपवर त्यावरच्या विनोदांना ऊत आला होता, ते दिवस आठवत असतील. त्या काळात बाबा रोज रात्री पान उलटता उलटता विचारायचे, 'हिला कितवा चालू आहे?' आई म्हणायची, 'तुम्ही बघत नाही ना?' 'मी कशाला बघतोय? माणुसकी म्हणून विचारलं.'

असा एक न बघणारा प्रत्येक घरात असतो आणि सगळ्यात ठाम मतं त्याची असतात. बघणाऱ्याला निदान उद्या पुन्हा बघायचं असतं, म्हणून तो जरा सांभाळून बोलतो.

खरं तर आपल्याकडे पुढे काय होणार हे माहीत नसण्याची चैन कोणाला होती कधी? १९८७-८८ला रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे, असं मोठी माणसं सांगतात. रावणाचं काय होणार हे का कोणाला ठाऊक नव्हतं? २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने तेच पुन्हा लावलं आणि लोक पुन्हा बसले. हरिदासाची कथा मूळपदावर यायची म्हणूनच माणसं कीर्तनाला जायची. 'रात्रीस खेळ चाले' घ्या. २०१६ला पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णा नाईक गेल्यापासून. आणि २०१९ला दुसरं पर्व आलं ते अण्णांच्या हयातीतलं. म्हणजे माणूस जाणार हे पक्कं ठाऊक असताना लोकांनी माधव अभ्यंकरांच्या अण्णांना आणि अपूर्वा नेमळेकरच्या शेवंताला डोक्यावर घेतलं. सावंतवाडीकडे जाताना आकेरीला तो चित्रीकरणाचा वाडा बघायला लोक गाड्या थांबवतात. आमचीही थांबली होती. नवरा गाडीतून उतरला नाही. त्याचं पहिलं पर्व राहिलंय म्हणे, वाडा बघून काहीतरी कळायचं.

आई सध्या 'ठरलं तर मग' बघते. डिसेंबर २०२२पासून बघतेय. सायली हीच खरी तन्वी, हे आईला माहीत, मला माहीत, दूध टाकणाऱ्याला माहीत. वर्षं उलटत गेली तरी घरातल्यांना मात्र पत्ता नव्हता. अशा वेळी काय होणार हा प्रश्नच नसतो, 'यांना कळणार कधी?' हा असतो, आणि त्या प्रश्नावर आई आणि शेजारच्या काकू गॅलरीतून गॅलरीत अर्धा अर्धा तास बोलू शकतात. त्यात वाहिनीचाच महाएपिसोडचा प्रोमो आठवडाभर चालू असतो. सगळं आधीच फोडतात. कोणी कानावर हात ठेवत नाही. उलट प्रोमोत थोबाडीत मारलेली दाखवली आणि रविवारी ते स्वप्न निघालं की आई खवळते. तिचं म्हणणं, सांगितलंत ना, मग मारा.

ओटीटीवाल्यांची मला कीव येते ती इथे. सगळे भाग एका रात्रीत येऊन पडतात. एकाचा शेवटचा झालेला, एक दुसऱ्यावर, एकाने 'लिस्टला टाकलंय'. कोणाचंच कोणाशी जुळत नाही. डोंबिवलीच्या गाडीत महिला डब्यात पूर्वी वाटाणे सोलता सोलता कालच्या भागाचा पंचनामा व्हायचा, त्यात न बघणारीलासुद्धा मत देता यायचं. आता सगळ्यांच्या कानात बोळे आणि हातात आपापला पडदा. मध्येच कोणीतरी एकटीच हसते. बाकीच्या एकदा तिच्याकडे बघतात आणि पुन्हा खाली.

'पंचायत'चा पहिला सीझन मला आवडला होता तो सांगता येण्यासारखा होता म्हणूनच असावा. एप्रिल २०२०, घरात कोंडलेलो, आणि ती चाकांची खुर्ची. लग्नाला आलेला नवरदेव गावच्या पंचायतीच्या सचिवजींची चाकांची खुर्ची अडवून बसतो, एवढंच. हे मी काकूला फोनवर सांगू शकले. सांगितलंही, जरा माझ्या पदरचं घालून. पुढच्या सीझनमध्ये राजकारण वाढलं, मारामाऱ्या वाढल्या, ते बघायला ठीक आहे. सांगायला गेलं तर हाताला फार काही लागत नाही.

काकूचं म्हणाल तर तिला आता ॲप मिळालंय. पैसे भरले की मालिकेचा भाग टीव्हीच्या आधीच बघायला मिळतो, हे तिला कोणी शिकवलं देव जाणे. सकाळची कामं आटपून ती तो बघते आणि मग फोन फिरवायला घेते. रात्री टीव्हीवर लागायचं ते दुपारी ऐकवते. एक चुलत वहिनी तिचा फोनच घेत नाही हल्ली. सासूबाईंचा फोन घेत नाही म्हटल्यावर घरात जरा कुरबुर झाली, पण वहिनी ठाम आहे.

गेल्या दिवाळीत सगळे जमलो होतो. चुलतभावाने त्याच्या आईला, म्हणजे काकूला, 'खरं कंटेंट' दाखवायचं ठरवलं. युरोपातली कुठली तरी डिटेक्टिव्ह सिरीज, बर्फच बर्फ, मोजून बोलणारी माणसं. काकू दोन भाग न झोपता बसली. खाली अक्षरं यायची ती चष्मा पुसून पुसून वाचली. संपल्यावर तो मोठ्या आशेने म्हणाला, 'कसं वाटलं?'

'छान आहे. स्वेटरची वीण फारच सुरेख आहे. पण उद्या मला कोणी विचारलं काय बघितलंस, तर काय सांगू? तो माणूस खिडकीत उभा होता?'

चुलतभाऊ चिडला. 'अगं, असं नसतं ते. तो खिडकीत उभा आहे कारण त्याला बायकोचा संशय आहे, आणि बायको त्या तलावावर गेली होती ती त्या पोरीला वाचवायला, आणि ती पोर मुळात त्या पोलिसाचीच...' असं करत करत त्याने सगळी सिरीज सांगितली. हातवारे करून, उभं राहून. खुनी कोण तेही सांगून टाकलं. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी. न बघणारे बाबा चकलीचा तुकडा हातात धरून ऐकत होते.

'असं होय!' काकू म्हणाली. 'मग हे आधी नाही का सांगायचं? लाव आता.'

त्याने काही लावलं नाही. आता काय अर्थ आहे, म्हणाला. शेवटी पत्ते निघाले. काकू माझ्या मागे बसली होती, तिने माझी सगळी पानं सगळ्यांना सांगितली.