जुन्या पार्टिशनवरून नव्यावर: ग्रबच्या वाटेवरची एक रात्र

जुन्या साटा डिस्कवरचे उबंटू (लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली) नव्या एनव्हीएमई डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर, म्हणजे विभागावर, हलवणे हे तासाभराचे काम आहे, असे मला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पहाटेचे साडेतीन वाजले. ‘आरसिंक’ने फायली वाहून नेण्याचा टप्पा निर्वेध पार पडला, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

फसगत पुढे झाली. ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना कार्यप्रणाली उचलून देणारा छोटा प्रोग्राम. त्यासाठी ‘अपडेट-ग्रब चालवा, काम झाले’ हा सल्ला छातीठोकपणे दिला जातो. मी ते चालवले, संगणक सुरू झाला आणि त्या आनंदात मी पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह उबंटूतून जुने पार्टिशन फॉरमॅट केले. संगणक तोवर त्या जुन्या पार्टिशनवरूनच सुरू होत होता, हे ‘फाइंडमाउंट’ या एका आज्ञेने कळले असते. आता समोर काळा पडदा आणि ‘ग्रब’ एवढीच अक्षरे होती. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने फोनवर सगळे पुसून नव्याने टाकण्याचे 1500 रुपये सांगितले. हे पैसे कोणीही देऊ नयेत, कारण एकही फाइल गेलेली नसते.

‘अपडेट-ग्रब’ फक्त मेन्यूची फाइल लिहिते. ती फाइल कोठे शोधायची हे ईएफआय पार्टिशनवरच्या (संगणक सुरू करणाऱ्या फायलींचा छोटा विभाग) ‘उबंटू’ फोल्डरमधील जेमतेम तीन ओळींची दुसरी फाइल ठरवते. तिच्यात पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे त्याची ओळखखूण, असतो आणि तो ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवल्याशिवाय बदलत नाही. माझा सारा घोळ या तीन ओळींचा होता.

दुरुस्तीसाठी लाइव्ह उबंटूचा पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या बूट-पद्धतीनेच सुरू करावा. मी तो जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केला आणि तासभर वाया घालवला; ‘सिस’मधील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ फोल्डर दिसत नसेल, तर पुढे पाऊलही टाकू नये. नवे मूळ पार्टिशन ‘एमएनटी’वर आणि ईएफआय पार्टिशन त्यातील ‘बूट’खालच्या ‘ईएफआय’वर माउंट करून (जोडून) चालू लाइव्ह उबंटूचे ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ हे फोल्डर जोडताना ‘बाइंड’ऐवजी, आत जोडलेलेही सोबत आणणारे ‘आरबाइंड’ वापरावे. साध्या ‘बाइंड’ने ‘सिस’च्या पोटातील ‘ईएफआयव्हार्स’ (फर्मवेअरच्या नोंदींचा फोल्डर) आत येत नाही आणि फर्मवेअरमधील, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधील, बूटची नोंद करताना ‘ग्रब-इन्स्टॉल’ अडते. सर्वांत वाईट चढ हाच, आणि येथेच मी दोनदा घसरलो.

‘चरूट’ केल्यावर, म्हणजे नव्या पार्टिशनवरच्या उबंटूत शिरल्यावर, क्रम मोडू नये: आधी ‘एफस्टॅब’ या पार्टिशनांच्या यादीतील जुना यूयूआयडी बदलावा, मग ‘ग्रब-इन्स्टॉल’, आणि शेवटी ‘अपडेट-ग्रब’. नवा यूयूआयडी ‘एलएसबीएलके’ला ‘एफ’ हा पर्याय जोडून मिळतो. तो हाताने टंकू नये, चिकटवावा, कारण पहाटे तीन वाजता आठ आणि बी हुबेहूब सारखे दिसतात.

संगणकावर विंडोजही असेल आणि ते मेन्यूतून नाहीसे झाले म्हणून घाबरू नये. ग्रब 2.06 पासून इतर कार्यप्रणाली शोधणारे ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद असते. ‘डीफॉल्ट’ फोल्डरमधील ‘ग्रब’ फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ची किंमत ‘फॉल्स’ करून ‘अपडेट-ग्रब’ पुन्हा चालवले की ते परत येते.