झोळी सुटली आणि आम्ही झोपलो

माझी मुलगी वीस महिन्यांची होईपर्यंत रात्री सलग दोन तास झोपली असेल तर शपथ. आमच्याकडे गोव्यात माशेलला जुनं घर आहे, वाशाला कडी आहे, तिला साडीची झोळी बांधलेली, आमची छोटी बाय त्यातच झोपायची. झोळीची दोरी मी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायचे, ती कुसमुसली की झोपेतच पाय हलवायचा. अंगठ्याला वळ उठायचे, आणि सकाळी आठला शाळेत मुलांसमोर उभं राहायचं.

सगळ्यांनी उपाय सांगितले. जायफळ उगाळून दे, सर्दीच्या औषधाने गुंगी येते ते दे. जायफळ दोनदा दिलं पण मी, खोटं कशाला बोलू. फोंड्याच्या बालरोग डॉक्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या दोन्ही बंद, जायफळ जास्त गेलं तर विषारी असतं आणि सर्दीचं औषध झोपेसाठी द्यायचंच नाही. ती झोपेत पाय फार झाडते म्हटल्यावर रक्त तपासायला सांगितलं, लोह कमी निघालं, त्याचे थेंब सुरू केले. (मनाने देऊ नका हं, तपासूनच.)

पण खरी गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. लहान मुलांची झोप साधारण तासाभराच्या फेऱ्यांत असते, प्रत्येक फेरीनंतर मूल थोडं जागं होतं, आपणही होतो, कूस बदलतो आणि परत झोपतो. हिला झोप लागली तेव्हा झोळी हलत होती, जाग आली तेव्हा थांबलेली, म्हणून ती रडते. म्हणजे मी इतके महिने मध्यरात्रीशी भांडत होते आणि दुरुस्त करायची होती ती संध्याकाळ!

आधी दुपारची झोप पकडली. मी शाळेतून येऊन सगळं आवरेपर्यंत साडेचार व्हायचे, मग सासूबाई तिला झोपवायच्या, ती साडेसहाला उठायची, रात्री अकरापर्यंत टक्क जागी. या वयाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, ती अशी संध्याकाळी खर्च झाली की रात्री कुठून येणार? सासूबाईंना पटायला वेळ लागला, त्यांचं म्हणणं तुझ्या नवऱ्याला चार वर्षांपर्यंत झोळीत हलवलाय, काय वाईट झालं त्याचं. पण साडेबाराला जेवण आणि लगेच झोप हे शेवटी त्यांनीच बसवलं, मी घरी असतेच कुठे त्या वेळी.

रात्रीचं मग असं, सातला दिवा आणि शुभंकरोती, पेज, कोमट पाण्याने अंघोळ, हॉलमधला टीव्ही बंद, साडेआठला खाली गादीवर. दुधाची बाटली अंघोळीच्या आधी, मग दात पुसायचे, कारण तोंडात बाटली ठेवून झोपायची म्हणून पुढच्या दातांवर पांढरे डाग दिसायला लागले होते.

पहिल्या रात्री चाळीस मिनिटं रडली. मी उठून गेले नाही, एकटं टाकून रडवणं मला जमलंच नसतं, बाजूला बसून पाठीवर हात ठेवला, फक्त उचललं नाही. ती कडीकडे बोट दाखवून "झुला, झुला" करत होती आणि मी पण रडत होते. तिसरी रात्र सगळ्यात वाईट, चौथ्या रात्री पंधरा मिनिटं. मग हात काढला, मग गादीच्या कडेला बसले, मग दाराजवळ.

मध्येच चतुर्थी आली, पेडण्याच्या घरी रात्री उशिरापर्यंत घुमट (मातीचं वाद्य) वाजवत आरत्या, सगळं विसकटलं. परत आल्यावर चार दिवस लागले. पावसात लाईट जाऊन पंखा थांबला तरी उठायची, त्याला इन्व्हर्टरशिवाय इलाज नव्हता.

आता पहाटे एकदा उठते, माझा हात चाचपते आणि झोपते. वाईट एवढंच वाटायचं की नवरा वेर्ण्याहून सेकंड शिफ्ट करून येतो तोवर ती झोपलेली, तो बिचारा तिच्याशी खेळायला आसुसलेला. म्हणून सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकू आला की आता तोच उठतो, तिला कडेवर घेऊन गेटवर जातो, ती स्वतःच्या हाताने पाव घेते आणि आत येईपर्यंत अर्धा खाऊन संपवते.