अकरा आणि एक

दुपारी विम्याचा एक कागद शोधत होते. कागद मिळाला नाही, चांदीची लगड मिळाली. कपाटाच्या तळाशी, माझ्याच एका जुन्या मोज्यात. चोराला मोज्यात हात घालायची किळस येईल, असा त्यामागचा तेव्हाचा विचार. चोर काही आला नाही. विसरले मात्र मी.

शंभर ग्रॅमची लगड. कागदात गुंडाळून वर रबरबँड लावलेला. तो विरघळून कागदाला चिकटलेला, आणि लगडीवर बरोब्बर मधोमध एक काळा पट्टा, कुणी करगोटा बांधावा तसा. रबरात गंधक असतं आणि गंधकाने चांदी काळी पडते, हे मला लावताना माहीत होतं. तरी लावला. हाताशी तोच होता.

आता काढलीच आहे तर म्हणून मी माझा नेहमीचा उद्योग केला. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि लगड दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायची. पूर्ण बुडवायची, पण तळाला टेकू द्यायची नाही, काठाला लागू द्यायची नाही. हात थरथरतो, म्हणून मी श्वास धरून ठेवते. काट्यावर साडेनऊ आले की सोडते. शंभर ग्रॅम चांदी तेवढंच पाणी बाजूला सारते. तांबं असतं तर आकडा अकराच्या वर गेला असता. पावती आहे, वर शुद्धतेचा ९९९चा छाप आहे, तरी दर वेळी बुडवते आणि दर वेळी मला हायसं वाटतं. घरातले या विधीला ‘लगडीची आंघोळ’ म्हणतात.

घेतली होती अडीअडचणीला. उद्या नोटांचा नुसता कागद झाला, यंत्रं बंद पडली, तरी चांदी देऊन पोतंभर धान्य तरी मिळेल, अशी ती कल्पना. एकदा शेजारणीसमोर तिची रंगीत तालीमही केली होती. म्हटलं, समज, पैसा संपलाय, ही घे आणि मला थोडं तेल दे. तिने लगड उलटीपालटी करून पाहिली. म्हणाली, “देईन गं, पण एवढ्याची मोड कुठून आणू?”

तिथे मी अडले ती अडलेच. घडणावळ कमी पडते म्हणून मी लगड घेतली. त्याच वजनाची लहान नाणी घेतली असती तर दर ग्रॅममागे जास्त मोजावे लागले असते. स्वस्त पडली ती अशी, की वाटून देता येत नाही. करवत लावली तर कीस सांडणार, छाप जाणार, आणि तुकडा घेणारा पुन्हा पाण्याचा पेला मागणार.

‘मोडणे’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. दागिना मोडतो, ठेव मोडतो, नोट मोडून आणतो. चांदीच्या बाबतीत तो पूर्वी अक्षरशः खरा होता. हजारेक वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या व्हायकिंग लोकांच्या पुरलेल्या ठेव्यांमध्ये हातातल्या कड्यांचे छाटलेले तुकडे सापडतात, परक्या देशांतली अर्धी कापलेली नाणी सापडतात, आणि पुष्कळांवर चाकूच्या टोकाने टोचून पाहिल्याच्या खुणा असतात. माझ्या पेल्याचे पूर्वजच ते. स्पॅनिश डॉलर आठ रियालांचा, म्हणून त्याचे आठ तुकडे करून सुट्टे पैसे म्हणून चालवत. अमेरिकेत १९६४ पर्यंतच्या डाइममध्ये, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यात, ९० टक्के चांदी होती, म्हणजे नाण्यामागे सव्वादोन ग्रॅम. १९६५ पासून ती काढून घेतली, तेव्हा लोकांनी जुनी डाइम वेचून वेचून बाजूला ठेवली. आजही अदलाबदलीच्या दिवसांसाठी म्हणून ती जपून ठेवणारे आहेत. सव्वादोन ग्रॅममध्ये तेलाचा हिशोब बसतो. शंभरात नाही.

आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण तिच्याकडे लगड नव्हती, नाणी होती. कापडी थैलीत, झिजून झिजून वरचा चेहरा नाकापुरता उरलेली. सुट्टीत दुपारी सगळे झोपले की ती थैली काढायची आणि मला जवळ बसवायची. एकेक नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने त्याच्या कडेला हलकेच टिचकी द्यायची. नाद उठायचा, लांबत जायचा. तो पुरता विरेपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही. मग मोठ्याने मोजायचं. नऊ, दहा, अकरा, आणि एक.

बारा असं ती कधीच म्हणाली नाही. मला वाटायचं, चांदी अशीच मोजतात. शाळेत एकदा मीही अकरानंतर ‘आणि एक’ म्हणाले होते आणि वर्ग हसला होता.

ते शेवटचं ती वाजवत नसे. एकदा तिचं लक्ष नसताना मीच वाजवलं. भिजलेल्या लाकडावर मारल्यासारखा ठप्प आवाज आला. आजीने मान वर केली.

“खोटं आहे ते.”

“मग ठेवलंस कशाला?”

“देऊ कुणाला?”

मला तेव्हा वाटलं, कुणी घेणार नाही असं तिला म्हणायचंय. पण ते अगदी बेमालूम होतं. मोठ्या व्यवहारात बाकीच्यांबरोबर सहज खपलं असतं, आणि तिच्याकडेही ते तसंच खपलं असणार. कुणी दिलं ते तिने सांगितलं नाही. तिला माहीत होतं, एवढं मात्र तिच्या तोंडावरून कळत होतं.

थैली आता माझ्याकडे आहे. दुसऱ्या मोज्यात. तीही काढली आणि जमिनीवर बसून एकेक वाजवलं. माझ्या कानाला आता नादाचं शेवटचं टोक ऐकू येत नाही, त्यामुळे मी जरा घाईच करते. शेवटच्याला पाण्यात बुडवून पाहावं असं मनात आलं. काटा समोरच होता, पेलाही भरलेला. बुडवलं नाही.

लगडीवरचा पट्टा तसाच आहे. विम्याचा कागद उद्या शोधीन.